खाली पाहिलं की दोन

डॉक्टरांनी हिंदीत विचारलं, "मार कब लगा?"

मी म्हणालो, "पंधरा दिवस झाले, साहेब."

खोटं होतं ते. सहा महिने होत आले होते. तोपर्यंत इतक्या जणांशी खोटं बोललो होतो, की ते तोंडातून आपोआप निघालं.

भिलाईच्या कारखान्याच्या दवाखान्यातली गोष्ट. डॉक्टर बंगाली होते, हळू बोलणारे. त्यांनी माझ्या चेहऱ्याचा एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला, तिरपा केला, पुन्हा सरळ केला. मग माझ्याकडे न पाहताच म्हणाले, "पंद्रह दिन में हड्डी ऐसे नहीं जुड़ती."

माझी बायको अनुसया दाराजवळच्या स्टुलावर बसली होती. आमची तीन वर्षांची मंदा तिच्या मांडीवर झोपली होती. अनुसया म्हणाली, "सहा महिने झाले, डॉक्टरसाहेब. हे खोटं बोलून राहिले."

डॉक्टरांना मराठी समजत होती की नाही कोण जाणे, पण 'सहा महिने' समजले. त्यांनी एक्स-रे खाली ठेवला आणि मला समजावून सांगितलं. डोळा हाडाच्या वाटीत बसलेला असतो. त्या वाटीचा तळ अंड्याच्या कवचासारखा पातळ. माझा तो तळ फुटला होता. डोळा खाली घसरला होता आणि त्याला फिरवणारा एक स्नायू फुटलेल्या हाडांच्या फटीत अडकला होता. पहिल्या दहा-बारा दिवसांत आलो असतो तर तो सोडवून वर उचलता आला असता. आता हाडं वेडीवाकडी जुळली होती आणि स्नायू तिथंच चिकटून आखडला होता. "नागपूर भेजता हूँ," ते म्हणाले. "पर उम्मीद मत रखना."

मी एकच विचारलं, "साहेब, वरचं काम जमेल ना?"

"तू अभी ऊपर चढ़ता है?"

मी होकाराची मान हलवली; माझं काम तेच होतं. ते लिहीत होते ते थांबले आणि पेन टेबलावर ठेवून माझ्याकडे पाहत राहिले. त्या नजरेनं मला कळलं, की मी आजारी म्हणून आलो होतो, पण त्या खोलीत आता मी दुसरंच काही होतो, इतरांना धोका असलेला माणूस.

*

माझं नाव देवराव. मूळ गाव तुमसरकडचं. सातवी पास झालो आणि दोन-चार वर्षं इकडंतिकडं करून भिलाईला आलो. तेव्हा कारखाना उभा राहत होता. जिकडं पाहावं तिकडं लोखंड आणि लाल माती. मी एका बांधणीच्या कंपनीत खलाशी म्हणून लागलो. आमच्याकडं खलाशी म्हणजे लोखंडाचे खांब आणि गर्डर दोरांनी उचलून वर चढवणारा, तिथं उंचावर बसून ते जुळवणारा माणूस. ती कंपनी आता इथं नाही.

मला हे काम शिकवलं नामदेवभाऊनं. तो आमच्याच भागातला, माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठा. जुनवानीला एका छत्तीसगढी शेतकऱ्याच्या घरी खोली घेऊन राहायचा. पहिल्या दिवशी मी गर्डरवर दोन्ही हातांनी चिकटून बसलो होतो, तेव्हा त्यानं माझा पट्टा मागून धरला आणि दिवसभर सोडला नाही. जेवायची सुट्टी झाली तरी सोडला नाही. "भेव वाटलं तं सांगत जा," म्हणाला. "न सांगणारा मानूस वर कामाचा नाई."

उन्हाळा सुरू झाला होता. एका गर्डरला बांधलेला तारेचा फास ताणातून सुटला आणि त्याचं लोखंडी कडं माझ्या डाव्या डोळ्याखाली बसलं. मी जमिनीवर होतो म्हणून वाचलो. कंपनीच्या पट्टी बांधणाऱ्यानं टिंक्चर लावलं, म्हणाला, "नसीबवाला है, आँख बच गई." डोळा वांग्यासारखा सुजला. संध्याकाळी घरी नाक शिंकरलं, तर पापणीच एकदम फुगली. बोटानं दाबली की आत चुरचुर वाजायचं. अनुसया घाबरली. दुसऱ्या दिवशी नामदेवभाऊनं पाहिलं आणि म्हणाला, "हे साधं नाई, देवराव. दवाखान्यात चाल."

मी म्हणालो, "भाऊ, तीन हप्त्यानं पक्कं करतेत. आता दवाखान्याचा कागद निघाला तं मले कोन घेईन?"

तो कामाला लागला. नंतर दोनदा पुन्हा म्हणाला, "चाल." मी दोन्ही वेळा उद्यावर ढकललं.

*

सूज उतरली आणि डोळा पूर्ण उघडला, त्या सकाळी मला दोन अनुसया दिसल्या.

एक चुलीपाशी, आणि दुसरी तिच्याच थोडी वर, तिरकी, जशी कुणी ओल्या कागदावरून पुसून सरकवली असावी तशी. एक डोळा मिटला की एक. दोन्ही उघडले की दोन. डाव्या गालाला आणि वरच्या ओठाला काही लागलेलं कळेनासं झालं होतं. दाढी करताना कापलं तरी रक्त दिसल्यावरच समजायचं. जेवताना भाताचं शीत ओठाला चिकटून राहायचं आणि मंदा हसायची.

पक्कं करण्याआधी कंपनीकडून डोळ्यांची तपासणी झाली. भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता. एक डोळा झाकून वाचायचं, मग दुसरा झाकून. माझे दोन्ही डोळे वेगवेगळे अगदी चांगले होते. शेवटची ओळ दोन्हींनी वाचली. दोन्ही उघडे ठेवून वाच, असं कुणी म्हणालं नाही. त्यात त्यांची चूक मी धरत नाही. सांगायचं मला होतं. डॉक्टरनं पाठ फिरवून कागदावर सही केली, तेव्हा टेबलाच्या दोन कडा दिसत होत्या मला, आणि मी "ठीक है, साब" म्हणून बाहेर आलो.

पक्का झालो. कंपनीनं पक्क्या माणसांसाठी सेक्टर सहामध्ये काही क्वार्टर घेतले होते, त्यातला वरच्या मजल्यावरचा एक आम्हाला मिळाला. अनुसयानं नळ उघडला आणि नुसतं पाणी पाहत उभी राहिली. झोपडीत असताना ती पाण्यासाठी कुठून कुठं जायची ते मला ठाऊक होतं. मला वाटलं, याच्यासाठी एक डोळा मिटून जगलो तर काय बिघडतं.

आणि मी तसाच जगलो. वर चढताना डावा डोळा मिटायचा. ऊन लागतं म्हणून सांगायचो. कोणी जवळ येऊन पाहिलं की पापणीत काही गेल्यासारखं चोळायचो. पण एका डोळ्यानं वस्तू किती जवळ आणि किती लांब हे नीट समजत नाही. ते मला पहिल्या आठ दिवसांतच कळलं होतं. एकदा मंदाला उचलायला हात पुढं केले आणि तिच्या अलीकडंच हवेत मिटले. ती पडली नाही, कारण ती जमिनीवरच उभी होती. तिला तो खेळ वाटला.

*

पोळा आठ दिवसांवर होता. रोलिंग मिलच्या शेडमध्ये एक गर्डर खांबावर बसवायचा होता. नामदेवभाऊ खांबाच्या डोक्यावर होता, टोकदार सळईनं भोकं जुळवायला. मी समोरच्या खांबावर, क्रेनवाल्याला हातानं खुणा करायला. क्रेनवाल्याला आमच्या बाजूचं काही दिसत नव्हतं. त्याचे डोळे म्हणजे मी.

भाऊनं हाक दिली, "थोडा खाली येऊ दे!" त्याचा उजवा हात अजून भोकाशी होता. माझा डावा डोळा मिटलेला होता. गर्डर आणि खांब यांच्यात मला वीतभर जागा दिसली. मी 'खाली' अशी खूण केली.

वीतभर जागा नव्हती.

त्याची तीन बोटं गेली. ओरडला नाही तो. फक्त माझ्याकडं पाहिलं, आणि ते पाहणंही मला दोनदा दिसलं, कारण घाबरून माझा मिटलेला डोळा उघडला होता.

कंपनीच्या लोकांनी चौकशी केली. मला विचारलं, "सिग्नल बराबर दिया था?" मी म्हणालो, "हाँ साब." कागदावर आलं की कामगारानं वेळेवर हात काढला नाही. नामदेवभाऊ दवाखान्यात पडलेला असतानाच त्याचं नाव हजेरीतून कमी झालं.

*

त्यानंतर मी वर चढलो नाही. ताप आहे म्हणून घरी पडून राहिलो. अनुसयानं चार दिवस वाट पाहिली. पाचव्या दिवशी दुपारी ती समोर येऊन बसली.

"तुमचा डावा डोळा आत गेला," ती म्हणाली. "आरशात पायता का नाई? लहान दिसते तो. आन् तुमाले दोन दिसतेत."

"कोन सांगतलं तुले?"

"कोनी कावून सांगन? मी रोज तुमाले पायतो. चाला दवाखान्यात."

"नोकरी जाईन."

"नामदेवभाऊची गेली," ती म्हणाली.

आमच्याकडं बाया 'पाहते' म्हणत नाहीत, 'पायतो' म्हणतात. तिचं ते वाक्य मी आहे तसं लिहिलं, कारण त्यानंतर मला तिच्यासमोर खोटं बोलायला जागा उरली नाही. चपला घातल्या आणि निघालो. पुढं डॉक्टरांसमोर पुन्हा खोटं बोललो, ते सुरुवातीला सांगितलंच.

*

दुर्गहून नागपूरची गाडी. मंदाला खालच्या मजल्यावरच्या तेलुगू बाईंनी ठेवून घेतलं. त्यांची आमची भाषा एक नव्हती, पण त्यांनी मंदाला कडेवर घेतलं आणि हातानंच 'जा' म्हणाल्या. गाडी गोंदियाहून पुढं तुमसरला थांबली. माय तिथून दोन तासांच्या वाटेवर होती. आम्ही खिडकी खाली ओढली. तिला काय सांगणार होतो?

मोठा दवाखाना. डोळ्यांच्या वॉर्डात बावीस खाटा. भरती झाल्यावर नऊ दिवस नुसतं तपासणं चाललं. रोज नवे विद्यार्थी यायचे, माझी हनुवटी धरून म्हणायचे, "वर पाहा. खाली पाहा. आता किती दिसतात?" एका बोटाची दोन बोटं, दोनाची चार. मी आकडे सांगत राहायचो. एका बोटाकडे पाहताना मला नामदेवभाऊचा हात आठवायचा, आणि मग चुकीचा आकडा यायचा.

मोठे डॉक्टर नागपूरचेच होते. त्यांनी लपवाछपवी केली नाही. "देवराव, जुळलेलं हाड पुन्हा मोडावं लागेल," ते म्हणाले. "कमरेचं थोडं हाड काढून डोळ्याखाली बसवू. डोळा थोडा वर येईल. पण स्नायू इतके महिने अडकून होता, तो पहिल्यासारखा चालेल असं मी म्हणणार नाही."

"आणि नाही केलं तर?"

"तर आहे तसंच. कदाचित अजून आत जाईल."

अनुसयानं विचारलं, "तुमचा भाऊ असता तं केलं असतं का?"

त्यांनी तिच्याकडं पाहिलं. "केलं असतं," म्हणाले. "पण त्याला सहा महिने थांबू दिलं नसतं."

*

ऑपरेशनचं मला काही आठवत नाही. तोंडावर जाळी धरली, उग्र गोड वास आला, आणि आकडे मोजायला सांगितले.

शुद्धीवर आलो तो अंधारात. दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती. एक डोळा हलला की दुसराही हलतो, म्हणून चांगलाही बांधून टाकला होता. पहिल्यांदा जे दुखलं तो डोळा नव्हता, कंबर होती. जिथून हाड काढलं तिथं कुणी तापलेली सळई ठेवून विसरून गेल्यासारखं. उलट्या झाल्या आणि प्रत्येक उलटीबरोबर डोळ्यामागं काहीतरी सुटून येईल असं वाटायचं. वरच्या ओठाच्या आतून हिरडी कापून गालाच्या पोकळीत कापडाची लांब पट्टी ठासली होती, नवं हाड खालून तोलून धरायला. तिचं एक टोक तोंडात यायचं. जीभ सारखी तिकडंच जायची. चव औषधाची, आणि दोन दिवसांनी सडल्याची.

सहा दिवस तसे. सकाळ झाली हे फरशी पुसण्याच्या वासावरून समजायचं, दुपार जेवणाच्या गाडीच्या चाकांवरून. केरळची एक सिस्टर होती. ती इंजेक्शन देण्याआधी दरवेळी सांगायची, "भैया, अब हाथ लगाती." बाकी कुणी सांगत नसत. न दिसणाऱ्या माणसाला आधी सांगून हात लावणं ही किती मोठी गोष्ट आहे, ते तिथं कळलं. तुमच्या घरी कुणाच्या डोळ्यांवर पट्टी असेल तर एवढं जरूर करा.

शेजारच्या खाटेवर पौनीचे एक म्हातारे कोष्टी होते, रामाजीबाबा. मोतीबिंदू काढलेला. डोकं हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावलेल्या. एक डोळा आधीच गेलेला, आता हा एकच. आम्ही दोघं न पाहता बोलायचो. ते साडीचे काठ कसे विणतात ते सांगायचे, कोणत्या रंगाशेजारी कोणता दोरा ठेवला की काठ उठून दिसतो. माझी हकिगत ऐकून म्हणाले, "तुले एकाचे दोन दिसतेत म्हने. त्यातलं एक मले देऊन टाक ना बापा." मी हसलो आणि टाके ओढले गेले. हसू नको म्हणून सिस्टर रागावली. इतक्या महिन्यांत मी एकदाच हसलो, तो दिवस तो.

चौथ्या दिवशी त्यांची पट्टी सोडली. मी ऐकत होतो. डॉक्टर हळू आवाजात इंग्रजीत बोलले. मग विचारलं, "बाबा, उजेड दिसतो का?" रामाजीबाबा म्हणाले, "खिडकी उघडी आहे का?" खिडकी उघडीच असणार, कारण मला रस्त्यावरचे टांगे ऐकू येत होते. आत पू झाला होता. त्यांचा मुलगा दुसऱ्या दिवशी येऊन त्यांना घेऊन गेला. जाताना ते माझ्याशी काही बोलले नाहीत. मीही हाक मारली नाही. 

*

दिवाळी वॉर्डातच झाली. बाहेर फटाके वाजत होते. दुपारी अनुसया संत्र्याचा रस चमच्यानं पाजत होती. ओठाला चमचा लागलेला समजत नसल्यानं रस गळ्यावर सांडायचा, ती पुसायची. मध्येच तिचा हात थांबला.

"तुमाले आता मी दिसत नाई," ती म्हणाली. "म्हनून सांगतो. क्वार्टर भेटायच्या आधीच मले समजलं होतं."

"काय?"

"तुमाले पान्याचा गिलास देला होता. तुमी बाजूला हात घातला. दोनदा. मंग एक डोळा मिटला आन् घेतला. मी तवाच समजली."

मी तोंडातला रस गिळला. 

"मी गप बसली," ती म्हणाली. "नळ पायजे होता मले. मंदी झोपडीत सारखी आजारी पडत होती. वाटलं, होईन आपोआप बरा. होईन, होईन करत..." मग ती रडली. तिला रडताना मी फक्त ऐकलं. हात पुढं केला, तो तिच्या खांद्याला लागला की गुडघ्याला ते समजायला वेळ लागला.

मी तिला माफ केलं असं लिहिलं तर ते शोभून दिसेल. पण त्या वेळी मला तिचा राग आला. मी सहा महिने एकटा ओझं वाहतोय असं समजत होतो, आणि ती शेजारी बसून पाहत होती. राग दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, की तिनं जे केलं तेच मी केलं होतं, आणि माझ्या करण्यानं दुसऱ्याची बोटं गेली होती.

*

तोंडातली पट्टी काढली तो दिवस मी कुणाला इच्छिणार नाही. डॉक्टर ओढत होते आणि ती येतच होती. हातभर, अजून हातभर, काळी पडलेली. सिस्टरनं माझं डोकं पोटाशी धरलं होतं. खोलीभर वास सुटला. शेवटचं टोक निघालं तेव्हा मला वाटलं, डोळाच निघाला.

मग डोळ्यांवरची पट्टी. उजेड पांढरा झाला, मग खिडकी झाली. समोर अनुसया. एकच.

मला रडू आलं. डॉक्टर म्हणाले, "थांबा." त्यांनी बोट समोर धरलं. एक. वर नेलं. दोन. हळूहळू खाली आणू लागले. छातीपर्यंत एक. त्याच्या खाली दोन, एकमेकांपासून लांब.

"डोळा फिरायला लागल्यावर सुधारेल?" मी विचारलं.

"थोडं. फार नाही."

"पुन्हा एकदा ऑपरेशन?"

"नाही. पुन्हा हात लावला तर आहे तेही जाईल." मग ते म्हणाले, "समोरचं एक दिसतं, हे पुष्कळ झालं, देवराव. मी एवढंही धरलं नव्हतं."

माणूस चालतो तेव्हा पायाखाली पाहतो. पायरी, नाला, ताट, पोरगी, सगळं छातीच्या खालीच असतं. ते मी त्यांना म्हणालो नाही. त्यांनी त्यांचं काम केलं होतं.

*

परत आल्यावर मला टूल रूममध्ये बसवलं. खिडकीतून पान्हे, हातोडे, दोर द्यायचे आणि परत घ्यायचे. डोळा थोडा वर आला, पण खालची पापणी वणामुळं ओढलेली राहिली. मंदा पहिले आठ दिवस माझ्याकडं यायची नाही. मग सवय झाली तिला. गाल अजून बधिर आहे. थंडीत त्या बाजूनं डोळ्यातून पाणी येतं, लोकांना वाटतं मी रडतो. क्वार्टरचा जिना उतरताना भिंतीला हात लावून, डावा डोळा मिटून उतरतो. वर शेडवर माणसं चालताना दिसतात. नजर वर नेली की तीही दुप्पट दिसतात, म्हणून पाहत नाही.

ज्यांच्या डोळ्याला मार लागला आहे त्यांच्यासाठी म्हणून हे लिहायला बसलो. सांगण्यासारखं थोडंच आहे. दोन दिसू लागलं, गाल बधिर झाला, नाक शिंकरल्यावर पापणी फुगली, की त्याच दिवशी दवाखान्यात जा. नोकरी जाईल, क्वार्टर जाईल, जाऊ द्या. एवढंच लिहून थांबणार होतो. अनुसया म्हणाली, "नामदेवभाऊचं लिहिलं नाई तं हे कावून लिहून राहिले?"

म्हणून लिहितो.

नागपूरहून आल्यावर महिन्यानं मी जुनवानीला गेलो. नामदेवभाऊ अंगणात डाव्या हातानं बिडी पेटवत होता. वैनींनी पाणी दिलं. मी उभ्यानंच सगळं सांगितलं, मार लागल्यापासून खूण करेपर्यंत.

त्यानं विचारलं, "त्या दिवशी तुले माहे हात किती दिसले?"

"दोनच, भाऊ. मी एक डोळा मिटून होतो."

"म्हंजे जवळ-लांब समजत नोतं."

"नाई."

"समजत नाई हे तुले मालूम होतं?"

"हाव."

वैनी आत निघून गेल्या. त्यानं बिडी संपवली. मग म्हणाला, "बोटाचं मी बोलत नाई. त्या कामात बोटं जातेतच. पन कागदावर माही चुकी लिहिली त्यायनं. सोळा वर्सं वरचं काम केलं मी. तेवढं मिटवून आन. मंग ये."

मी त्याच आठवड्यात कंपनीला अर्ज लिहिला, की चूक भाऊची नव्हती, खूण माझी चुकली होती. अनुसयानं दोनदा वाचायला लावला आणि म्हणाली, "द्या." तोपर्यंत कंपनीचं काम संपत आलं होतं. साहेब खोकी बांधून घेत होते. त्यांनी अर्ज वाचला, माझ्या डोळ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "केस बंद हो गया. अब ये काग़ज़ किधर डालूँ?" मी म्हणालो, "फाइलमध्ये, साहेब." ते म्हणाले, फाइल कलकत्त्याला गेली. अर्ज त्यांनी ठेवून घेतला. पोच दिली नाही. माझी नोकरीही गेली नाही, त्याला कुणाला वेळच नव्हता. पुढं कंपनी गेली आणि टूल रूममधली माणसं दुसऱ्या ठेकेदारानं घेतली, त्यात मीही होतो.

जुनवानीला पुन्हा गेलो तेव्हा खोलीत दुसरंच कुटुंब होतं. घरमालक म्हणाला, "मराठी भाई मन गाँव चल दिन." म्हणजे मराठी मंडळी गावी निघून गेली. मी गावी पत्र टाकलं. नंतर दुसरं टाकलं. उत्तर नाही. त्याचं गाव तुमसरहून फार लांब नाही.

अनुसया दर सुट्टीला म्हणते, "जाऊन या एकदा. मिटलं नाई, एवढं तरी तोंडानं सांगून या." आजवर दोनदा दुर्गच्या स्टेशनावर गेलो. तिकीट काढलं. दोन्ही वेळा गाडी आली, थांबली आणि सुटली, आणि मी फलाटावरून बाहेर लावलेल्या सायकलपर्यंत परत आलो.